रिकाम्या भांड्यातली साखर

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. बहुधा कुणीच नसेल. पुण्याला आमच्या घरी शेजारून वाटी आली की जाताना तिच्यात काहीतरी असायचंच. घरात द्यायला काही नसलं तर आई मूठभर साखर टाकायची आणि वर ताटली झाकायची. त्यात विधी नव्हता, मंत्र नव्हता, कुणी त्यावर दोन शब्द बोलायचंही नाही. ती सवय माझ्याबरोबर सिंगापूरला आली, आणि २००८ साली तिने मला अशा पेचात टाकलं की अजून आठवलं तरी कान गरम होतात.

आम्ही तेव्हा बुकित बातोकला एका कॉन्डोत, म्हणजे खाजगी सोसायटीत, राहत होतो. सातवा मजला. नवरा जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लँटमध्ये इंजिनियर. सकाळी पावणेसातला कंपनीची बस खाली यायची. त्याआधी तो कॉफीचा पहिला घोट घ्यायचा आणि रोजचं गाऱ्हाणं गायचा, की या घरात कॉफीलासुद्धा वेलदोड्याचा वास येतो. वेलदोडे सोलले की सालं मी साखरेच्या डब्यात टाकते, त्यावर त्याचा लग्नापासून राग. मग गळ्यात पास अडकवून तो बसमध्ये जाऊन झोपायचा. त्याच प्लँटवर जाणारे आणखी दोघे आमच्याच इमारतीत होते, एक अमेरिकन आणि एक रशियन. तिघे मागेपुढे बसायचे आणि गेटवर पास दाखवायची वेळ येईपर्यंत झोपायचे. जगात काहीही चाललेलं असो, त्या तिघांत कधी वितुष्ट आलं नाही. झोपलेल्या माणसांत कसलं वितुष्ट येणार! भानगड झाली ती आम्हा बायकांत.

अमेरिकन माणसाची बायको साठीच्या पुढची, मक्याच्या शेतांच्या मुलखातली. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. निवृत्त होऊन नवऱ्याबरोबर इथे आली आणि तिला करायला काही उरलं नाही. लिफ्टमधल्या नोटिशीतल्या चुका ती लाल पेनने दुरुस्त करायची. मॅनेजमेंटने नवी नोटीस लावली की तीही दुरुस्त करायची. इमारतीतली मुलं तिला टीचर म्हणायची, म्हणून आम्हीही टीचरच म्हणायला लागलो. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. मीही गणिताची मास्तरीण, चूक दिसली की माझाही हात शिवशिवतो.

रशियन शेजारीण तिसऱ्या मजल्यावर. माझ्याच वयाची, चाळिशीची, उंच, आणि हसण्याच्या बाबतीत भलतीच कंजूष. सुरुवातीला मला वाटायचं की हिला माझं काहीतरी खुपलंय. मग एकदा माझी बोटं लिफ्टच्या दारात सापडली, तर तिने मला हाताला धरून आपल्या घरी नेलं, बर्फ लावला, चहा पाजला, आणि या सगळ्या वेळात एकदाही हसली नाही. तेव्हा मला कळलं की तिचा चेहराच तसा आहे.

तिला बारा वर्षांची एकुलती एक मुलगी. ती जूनमध्ये आली आणि इथल्या सरकारी शाळेत जायचं तर परदेशी मुलांना प्रवेश परीक्षा, इंग्रजी आणि गणिताची. परीक्षा सप्टेंबरच्या मध्यावर. इंटरनॅशनल शाळा त्यांच्या आवाक्यातली नव्हती. त्यामुळे हिशोब सरळ होता. मुलगी पास झाली तर तिघं एकत्र राहणार. नापास झाली तर बाप इथे आणि मायलेकी परत आजीच्या गावाला. ते गाव रशियाच्या पार दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी, जॉर्जियाच्या सीमेपासून जवळ.

"गणित माझ्याकडे," मी म्हटलं. आणि इंग्रजीसाठी टीचरच्या दारावर मीच थाप मारली. ती इतकी खूश झाली की त्याच दिवशी जाऊन पेन्सिलींचा डबा घेऊन आली.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी नऊ वाजता स्विमिंग पूलच्या कडेच्या दगडी टेबलाशी शिकवणी सुरू झाली. आधी तासभर टीचर, मग तासभर मी. मुलगी हुशार होती. आकडे नुसते दाखवले की उत्तर काढायची. पण टाकीत दोन नळांनी पाणी सोडलं आणि एक नळ मध्येच बंद केला, असं वाक्यात लिहिलं की घोडं अडायचं. आकडे तेच, पण नळ कुठला बंद झाला ते तिला वाचता यायचं नाही. म्हणजे माझं गणितसुद्धा टीचरच्याच हातात होतं.

दर शुक्रवारी मुलीची आई टीचरसाठी एक इनॅमलचं भांडं घेऊन यायची. पांढरं, झाकणाचं, वर लाल फुलं. तिच्या आजीचं होतं म्हणे. त्यात कधी कोबी भरलेले छोटे पाव, कधी सफरचंद घालून केलेली पोळी. टीचर ते भांडं रविवारी परत करायची. घासलेलं, पुसलेलं, लखलखीत आणि रिकामं. सोबत सुंदर अक्षरात लिहिलेलं आभाराचं कार्ड.

एकदा मी आणि ती रशियन लिफ्टमध्ये भेटलो. तिच्या हातात ते भांडं.

"पुन्हा रिकामं," ती म्हणाली. तिचं इंग्रजी असं तुकड्यातुकड्यांचं. "सहा आठवडे. सहा वेळा रिकामं. इस्पितळातून आल्यासारखं."

मी चमकले. "तुमच्यातही रिकामं परत देत नाहीत?"

"कधीच नाही. रिकामं म्हणजे, पुन्हा पाठवू नकोस."

मला एवढा आनंद झाला की लिफ्टमध्येच मी तिला आमची वाटी, आईची साखर, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. तिच्या बाबतीत हे म्हणजे टाळ्या वाजवण्यासारखंच. टीचरच्या मनात काही नाही, त्यांच्याकडे ही पद्धतच नाही, हेही मी सांगितलं. ते तिला पटलं की नाही कोण जाणे. खरं म्हणजे मी टीचरलाच जाऊन सांगायला हवं होतं. पण म्हटलं, एवढ्याशा गोष्टीत आपण कशाला मध्ये पडा. मी एरवी सगळ्यात मध्ये पडते, नेमकी तेव्हाच शहाणपणाने वागले.

मग ऑगस्ट उजाडला. नॅशनल डे नुकताच झाला होता, समोरच्या ब्लॉकांच्या कठड्यांवर लाल-पांढरे झेंडे अजून तसेच होते. टीव्हीवर एका बाजूला ऑलिंपिक आणि दुसऱ्या बाजूला जॉर्जियातले रणगाडे. रशियाचं सैन्य सीमा ओलांडून आत गेलं होतं. कुणी आधी गोळी झाडली, कोण कुणाला वाचवायला गेलं, यावर ज्याचं त्याचं चॅनल वेगळं सांगत होतं. अमेरिका आणि रशिया एकमेकांना तंबी देत होते. मी बातम्या बघत होते आणि भाजी निवडत होते. आपला काय संबंध?

सोमवारी सकाळी मी माझी वही घेऊन पूलपाशी गेले तर टीचरचा तास संपत आला होता. मुलीची आईसुद्धा तिथेच बसलेली. तिचे डोळे सुजलेले. टीचरच्या पुढ्यात वर्तमानपत्र होतं. तिने ते घडी घालून बाजूला ठेवलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

"एवढ्या मोठ्या देशाने एवढ्याशा देशावर रणगाडे घालायचे, हे काही मला बघवत नाही," टीचर म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे. लिफ्टमधली नोटीस बघून म्हणावं तसं.

रशियन शेजारणीचा आवाज चढला नाही. "माझी आई तिथून जवळ राहते. तिच्या गावात माणसं पळून आलीत, मुलं घेऊन. तीन दिवस फोन लागत नाही. तुमचा टीव्ही तिला विचारायला गेला होता का?"

"मला तुमच्या आईची काळजी वाटते. पण तुमचा टीव्ही तुम्हाला खरं सांगत नाहीये."

"आणि तुमचा मुलगा इराकमध्ये काय करतो?" ती म्हणाली. "तो देश फार मोठा होता का?"

टीचरचा धाकटा मुलगा अमेरिकन सैन्यात होता. इराकमध्ये त्याची दुसरी खेप चालू होती. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं, आणि त्याबद्दल कुणीही बोलायचं नाही हेही सगळ्यांना माहीत होतं. रोज सकाळी शिकवणीला खाली यायच्या आधी ती त्याची ईमेल आली का ते बघायची. आली असली तर चालण्यावरून कळायचं.

टीचरने पेन्सिली गोळा केल्या. मुलीच्या हातातली राहिली, ती तशीच राहू दिली. डब्याचं झाकण लावलं आणि उठून गेली. ती पोरगी पेन्सिल धरून एकदा जाणाऱ्या पाठीकडे आणि एकदा आईकडे बघत होती. आईने रशियनमध्ये काहीतरी म्हटलं आणि तीही उठली.

मला दोघींचाही भयंकर राग आला. एक लेकाची आई, दुसरी लेकीची आई, आणि भांडल्या त्या कुठल्या तरी मंत्र्यांच्या वतीने! ज्यांनी रणगाडे पाठवले त्यांना बुकित बातोक कुठे आहे हे तरी माहीत होतं का? संध्याकाळी मी हे सगळं माझ्या लेकीला ऐकवलं. ती तेरा वर्षांची, इथल्याच शाळेत वाढलेली, इथल्या मुलांसारखी प्रत्येक वाक्याला 'लाह' जोडणारी. "आई, चिल लाह," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

बुधवारी टीचर आली नाही. शुक्रवारीही नाही. मी गणित शिकवत राहिले, आता आमच्या डायनिंग टेबलवर. टाकी, नळ, आगगाडी, सगळं अडलं. मी इंग्रजी समजावून सांगायची, पण माझं इंग्रजी म्हणजे काम चालवून नेणारं. टीचरसारखं एकेक वाक्य उलगडून दाखवणं मला जमेना. मुलगी तक्रार करायची नाही. समजलं नाही की पेन्सिलीचं टोक तपासत बसायची. परीक्षेला जेमतेम महिना राहिला होता.

मी टीचरकडे गेले. तिने मला लिंबाचं सरबत दिलं. "मी त्या मुलीला आजसुद्धा शिकवीन," ती म्हणाली. "तिच्या आईने फक्त सॉरी म्हणावं. माझ्या मुलाला तिने मध्ये आणायला नको होतं."

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथे चहा. "मी चुकीचं बोलले," ती म्हणाली. मला हायसं वाटलं. "पण आधी तिने माझ्या आईला खोटं ठरवलं. तिने यावं." झालं!

नवऱ्याला विचारलं, बसमध्ये ते दोघे काय म्हणतात. तो म्हणाला, "काय म्हणणार? एसीचा झोत फार लागतो म्हणतात."

असे दहा दिवस गेले. मग एका दुपारी टीचर माझ्या दारात उभी. हातात ते लाल फुलांचं भांडं. भांडण व्हायच्या आधीच्या शुक्रवारी आलेलं, त्या रविवारी नेमकं परत करायचं राहिलेलं, तेव्हापासून तिच्याकडेच असलेलं.

"हे तिला देऊन टाकशील?" ती म्हणाली. "मला दुसऱ्याची वस्तू ठेवून घ्यायची नाही." या वेळी कार्डही नव्हतं.

मी भांडं ओट्यावर ठेवलं. कुकरची शेवटची शिट्टी व्हायची होती, फोडणी करायची होती, लेकीचा फोन वाजत होता. या गडबडीत माझ्या हाताने काय केलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. साखरेचा डबा उघडला, मूठभर साखर भांड्यात टाकली, झाकण लावलं. गॅस बंद करून मी तशीच तिसऱ्या मजल्यावर गेले.

तिने दार उघडलं. भांडं बघून तिचा चेहरा आणखी मिटला. "टीचरनं परत पाठवलंय," मी म्हटलं. तिने ते घेतलं, आणि वजन वेगळं लागलं म्हणून असेल, तिथेच दारात झाकण उचललं.

बराच वेळ ती आत बघत राहिली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी काय करून बसले आहे.

"साखर," ती म्हणाली. "तिने पाठवली?"

मी तोंडावर खरं बोलणारी बाई आहे. त्यापायी निम्म्या सासरशी माझं जमत नाही. मी तोंड उघडलं होतं, अगं, माझ्या हाताची सवय, असं सांगायला. पण तिच्या मागे मुलगी उभी होती. टीचरची पेन्सिल तिच्या हातात होती, तीच, त्या सोमवारची. माझे डोळे भरून आले आणि मी म्हटलं, "हो."

तिने झाकण लावलं. "थँक यू," म्हणाली आणि दार बंद केलं.

जिना चढून मी घरी आले. लिफ्टसाठी थांबायचंही मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. दारात मुलगी, हातात भांडं, भांडं गरम. "आई म्हणाली, हे टीचरला द्या."

मी ते घेऊन टीचरकडे गेले. आता इथेही बोलणं भाग होतं. "तिने पाठवलंय," मी म्हटलं. हे निदान खरं होतं.

टीचरने झाकण उचललं. कोबीचे पाव, वाफ येणारे. "काही म्हणाली?"

"नाही. पण गरम असतानाच पाठवलंय."

टीचर खिडकीपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. तिचं नाक लाल झालं होतं. म्हणाली, "सोमवारी नऊ वाजता. तिला म्हणावं, वही नवीन आण."

म्हणजे आता टीचरची समजूत अशी की रशियन शेजारणीने आपण होऊन हात पुढे केला. आणि रशियन शेजारणीची अशी की टीचरने. दोघींच्या मध्ये मी, साखरेची मूठ घेऊन. सोमवारी मुलगी नवी वही घेऊन दगडी टेबलाशी बसली. आई काही आली नाही, दोघी अजून समोरासमोर यायच्या नाहीत. पण टाकीतलं पाणी पुन्हा वाहायला लागलं. दुसऱ्या आठवड्यात मुलीने नळाचं उदाहरण स्वतः वाचून सोडवलं आणि मला वर "टू ईझी लाह" असं ऐकवलं. हे माझ्या लेकीचे संस्कार.

भांड्याची ये-जा मात्र माझ्यामार्फतच सुरू राहिली आणि तिथेच माझी गोची झाली. टीचर आपल्या रीतीने भांडं घासूनपुसून रिकामंच माझ्याकडे द्यायची. एकदा साखर गेल्यावर दुसऱ्यांदा रिकामं कसं पाठवणार? मी पुन्हा मूठ टाकली. तिसऱ्यांदाही टाकली. पहिल्या वेळी हात चुकला होता. आता मी जाणूनबुजून लबाडी करत होते, आणि ती अंगाशी आली तर सगळ्यात आधी त्या मुलीची परीक्षा बुडणार होती.

"एक ना एक दिवस तू सापडणार," नवरा म्हणाला. त्याला या प्रकरणाची फार मजा वाटत होती.

सापडले ती गणपतीत. दरवर्षी लिटल इंडियातून आम्ही मातीची छोटी मूर्ती आणतो आणि ओळखीच्या सगळ्यांना दर्शनाला बोलावतो. मी मोठ्या हुशारीने टीचरला पाचची वेळ दिली होती आणि रशियन शेजारणीला सातची. टीचरला यायला उशीर झाला, दुसरी लवकर आली, आणि सहा वाजता दोघी आमच्या सोफ्याच्या दोन टोकांना. मध्ये मुलगी, मांडीवर मोदकाची ताटली.

मी उगीचच समईची वात पुढेमागे करत होते.

"आईचा फोन लागतो का आता?" टीचरने विचारलं, मोदकाकडे बघत.

"लागतो. ती बरी आहे. तिच्याकडे एक कुटुंब राहतंय, दोन मुलं. ती म्हणते, घरात पुन्हा आवाज आला." जराशाने ती म्हणाली, "तुमचा मुलगा?"

"काल ईमेल आली. कंटाळलोय म्हणतो. कंटाळला असला की मला बरं वाटतं."

"मी ते बोलायला नको होतं."

"मीसुद्धा," टीचर म्हणाली. आणि तिने ताटलीतला स्वतःचा दुसरा मोदक उचलून मुलीच्या ताटलीत ठेवला. एवढंच झालं. मला वाटलं होतं की समेट म्हणजे काहीतरी मोठं असेल, गळाभेट वगैरे. पण मला त्याहून जास्त काही नकोच होतं. आत जाऊन मी डोळे पुसले.

तेवढ्यात समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी निघाल्या. त्यांनी करंज्यांचा डबा आणला होता. "माझा डबा दे हो, उद्या ह्यांना लागतो ऑफिसला," असं म्हणत त्या स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. मी करंज्या काढून घेतल्या, डबा विसळला, पुसला आणि साखरेच्या डब्यात हात घातला. मूठ वहिनींच्या डब्यात पडली आणि मी मान वर केली. सोफ्यावरून आमचं स्वयंपाकघर सरळ दिसतं. दोघीही बघत होत्या.

रशियन शेजारणीचा चेहरा नेहमीसारखाच. टीचरने चष्मा वर सरकवला, आधी साखरेच्या डब्याकडे बघितलं, मग शेजारच्या बाईकडे, मग माझ्याकडे. माझं तोंड लाल झालं असणार. "मोदक अजून आहेत," असं काहीतरी मी पुटपुटले. थोड्या वेळाने तिघी एकाच लिफ्टने खाली गेल्या.

पुढच्या रविवारी टीचर भांडं घेऊन माझ्या दारात. मी झाकणाला हात घालणार, तर तिने भांडं मागे घेतलं.

"उघडू नकोस," ती म्हणाली. "हे भरायचं काम तुझं नाही." मग हसली. "मी स्वतःच नेऊन देते. तुला फक्त सांगायला आले." आणि ती जिन्याने खाली गेली. आत लिंबाची बिस्किटं होती, हे मला नंतर मुलीकडून कळलं.

परीक्षा झाली. निकालाचं पत्र ऑक्टोबरात आलं. मुलीने ते आधी आईला दाखवलं नाही, धावत टीचरच्या दाराशी गेली, कारण पत्रात काय लिहिलंय ते आपल्याला नीट कळलंय याची तिला खात्री करून घ्यायची होती. टीचरने ते तिला मोठ्याने वाचायला लावलं. प्रवेश मिळाला होता. एका वाक्याशी ती अडखळली, तर टीचरने तेवढं पुन्हा वाचायला लावलं म्हणे. त्या बाईला काय म्हणावं!

टीचरकडून गेलेली बिस्किटं पचली, पण माझ्या मनातली टोचणी जाईना. रशियन शेजारणीशी मी खोटं बोलले होते, तिच्या तोंडावर, आणि गणपतीत तिला ते कळलं होतं. ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागत होती. पण तिच्या चेहऱ्यावरून काही ओळखता येत असतं तर मग काय हवं होतं. माफी मागावी असं रोज ठरवायची आणि रोज जिवावर यायचं.

जानेवारीत शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी सकाळी मुलगी गणवेशात, पाठीवर तिच्याहून मोठी बॅग. आम्ही तिघींनी तिला बसस्टॉपवर सोडलं. टीचरला नवऱ्याबरोबर कुठेतरी जायचं होतं, ती गेली. मी घरी येऊन चहा ठेवते तोच बेल वाजली. रशियन शेजारीण, हातात लाल फुलांचं भांडं.

"अर्धा केक टीचरला दिला," ती म्हणाली. "हा अर्धा तुझा."

मी झाकण उचललं आणि जागच्या जागी थांबले. केकला वेलदोड्याचा वास येत होता.

"सगळी साखर मी बरणीत ठेवली होती," ती म्हणाली. "आजसाठी."

झाकण हातात धरूनच मी वाकून पुन्हा वास घेतला. मग म्हटलं, "म्हणजे तुला गणपतीत कळलं नाही. आधीपासून माहीत होतं?"

"झाकण उचललं तेव्हाच. टीचरच्या घरी कॉफीचा वास असतो. हा वास फक्त तुझ्या घरी."

"मग मला का विचारलंस, तिने पाठवली का म्हणून?"

ती खुर्चीवर बसली. नेहमीच्या तुकड्यातुकड्यांच्या इंग्रजीत, एकेक शब्द नीट मांडत म्हणाली, "दहा दिवस मी रोज दारापर्यंत यायचे. चपला घालायचे, तिच्याकडे जायला. परत काढायचे. मग तू आलीस. मी विचारलं. तू नाही म्हणाली असतीस, तर मी पुन्हा चपला काढल्या असत्या."

मला रडू आवरलं नाही. ती उठली, तिने गॅसवरचा चहा उतरवला, आमच्याच कपांत ओतला आणि माझ्यासमोर ठेवला. आम्ही तो केक चहाबरोबर खाल्ला, सगळा, नवऱ्यासाठी एक तुकडासुद्धा न ठेवता.

भांडं रिकामं झालं. मी ते घासलं, पुसलं आणि तिच्या देखत साखरेचा डबा उघडला.